करकपातीचे उत्पन्न आणि कामगारांचा खर्च (सुपा)

करकपातीमुळे हाती आलेले जादा उत्पन्न कामगार कसे खर्च करतात किंवा कसे शिल्लक टाकतात, हा सार्वजनिक अर्थशास्त्रातील एक जुना प्रश्न आहे. सरकारने कर कमी केला म्हणजे पगारात वाढ न होताही घरी येणारी रक्कम वाढते. ही वाढीव रक्कम दुकानात जाते, कर्जाच्या हप्त्यात जाते की पासबुकात जाते, यावर करकपातीचा बाजारपेठेवर होणारा परिणाम अवलंबून असतो. प्रस्तुत लेखात हा प्रश्न महाराष्ट्रातील अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील सुपा या औद्योगिक गावाच्या संदर्भात मांडला आहे. २०२३ ते २०२५ या काळात राज्याचा व्यवसाय कर, केंद्राचा प्राप्तिकर आणि वस्तू व सेवा कर अशा तीन करांत सवलती मिळाल्या. एकाच कारखान्यातील वेगवेगळ्या कामगारांना त्यांचा लाभ अगदी वेगवेगळ्या प्रमाणात झाला.

सुपा आणि तेथील कामगारवर्ग

सुपा हे पारनेर तालुक्यातील गाव पुणे–अहिल्यानगर महामार्गावर, अहिल्यानगर शहराच्या नैर्ऋत्येस आहे. पुणे जिल्ह्यातील बारामती तालुक्यात सुपे नावाचे ऐतिहासिक गाव आहे; ते वेगळे. पारनेर तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो. पाणलोट विकासासाठी प्रसिद्ध असलेले राळेगणसिद्धी याच तालुक्यात आहे. बेभरवशाच्या पावसामुळे तालुक्यातील अनेक कुटुंबांचा एक पाय पूर्वीपासून मुंबई-पुण्यात राहिला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने सुपा परिसरात औद्योगिक क्षेत्र उभारले आणि कारखान्यातील रोजगार गावाजवळ आला. भारत आणि जपान यांच्या सहकार्यातून निश्चित झालेल्या जपानी औद्योगिक वसाहतींच्या यादीत राजस्थानातील नीमराणा, आंध्र प्रदेशातील श्रीसिटी यांच्या बरोबरीने सुप्याचेही नाव आहे. वातानुकूलन यंत्रांसारख्या घरगुती वापराच्या टिकाऊ वस्तू येथे तयार होतात.

येथील कामगारवर्ग एकजिनसी नाही. कायम कामगार, ठेकेदारामार्फत आलेले कंत्राटी कामगार, शिकाऊ उमेदवार, पर्यवेक्षक आणि अभियंते हे एकाच फाटकातून आत जात असले तरी त्यांच्या वेतनचिठ्ठ्या सारख्या नसतात. काहीजण आसपासच्या गावांतून दुचाकीने येतात. काही मराठवाड्यातून, बिहारमधून किंवा उत्तर प्रदेशातून येऊन खोली भाड्याने घेऊन राहतात. स्थानिक कामगाराच्या घरी बहुधा थोडी कोरडवाहू जमीन आणि एखादी गाय असते. परप्रांतीय कामगाराचे घर दूर असते आणि पगाराचा मोठा भाग तिकडे जातो. करकपातीचा पैसा कोठे जाईल, हे बऱ्याच अंशी या फरकावर ठरते.

करकपात कोणाच्या हाती पडते

प्राप्तिकर

केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ फेब्रुवारी २०२५ रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीतील टप्पे बदलण्यात आले. १२ लाख रुपयांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर करसूट मिळून देय कर शून्य झाला. पगारदारांना ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळत असल्याने त्यांच्यासाठी ही मर्यादा १२ लाख ७५ हजार रुपये झाली. या बदलामुळे प्रत्यक्ष करांच्या महसुलात सुमारे १ लाख कोटी रुपयांची घट येईल, असा अंदाज अर्थसंकल्पीय भाषणात सांगितला गेला. मध्यमवर्गाच्या हाती अधिक पैसा राहावा आणि त्यातून उपभोग, बचत व गुंतवणूक वाढावी, हा उद्देशही त्याच भाषणात नमूद होता.

हा लाभ कारखान्याच्या कोणत्या थरापर्यंत पोहोचला, हे साध्या हिशेबाने पाहता येते. वार्षिक १० लाख रुपये पगार असलेल्या पर्यवेक्षकाचे प्रमाणित वजावटीनंतरचे उत्पन्न ९ लाख २५ हजार रुपये होते. २०२४–२५ या आर्थिक वर्षात नव्या प्रणालीनुसार त्यावर उपकरासह ४४,२०० रुपये कर होता. २०२५–२६ मध्ये तो शून्य झाला, म्हणजे दरमहा सुमारे ३,६८० रुपये हाती राहिले. १२ लाख ७५ हजार रुपये पगाराच्या अभियंत्याचे ८३,२०० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे ६,९३० रुपये वाचले. मात्र ज्याचा वार्षिक पगार ७ लाख ७५ हजार रुपये किंवा त्याहून कमी होता, त्याला नव्या प्रणालीत आधीच्या वर्षीही काही कर नव्हता. त्यामुळे महिना १८ किंवा २० हजार रुपये मिळवणाऱ्या कंत्राटी कामगाराच्या वेतनचिठ्ठीत या अर्थसंकल्पाने एका रुपयाचाही फरक पडला नाही. ‘कामगारांना करसवलत’ असे शब्द वापरताना ही गोष्ट अनेकदा विसरली जाते. जो कर भरत नव्हता, त्याला करकपात मिळू शकत नाही.

व्यवसाय कर

कमी पगाराच्या कामगारापर्यंत पोहोचलेली थेट करकपात राज्य सरकारची होती, आणि तीही फक्त स्त्रियांसाठी. महाराष्ट्रात महिना १०,००० रुपयांहून अधिक वेतनावर वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर कापला जातो: अकरा महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. मार्च २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात तत्कालीन उपमुख्यमंत्री व अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी महिला कर्मचाऱ्यांसाठी ही सूटमर्यादा १०,००० वरून २५,००० रुपयांवर नेली. ही सवलत १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. जुळणीच्या पट्ट्यावर १८,००० रुपयांवर काम करणाऱ्या स्त्रीची कपात थांबली. तिच्या शेजारी तेच काम करणाऱ्या पुरुषाची चालूच राहिली.

या कराचा इतिहास अहिल्यानगरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्याशी निगडित आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात रोजगार हमी योजना विस्तारली. वि. स. पागे हे तिचे शिल्पकार मानले जातात. या योजनेसाठी निधी उभा करण्याच्या हेतूने १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कराचा कायदा केला. शहरातील पगारदाराने दरमहा थोडी रक्कम द्यावी आणि तीतून दुष्काळी भागातील मजुराला खडी फोडण्याचे किंवा बांधबंदिस्तीचे काम मिळावे, अशी ही व्यवस्था होती. ज्या तालुक्यातील माणसे एकेकाळी या कामांवर जात, त्याच तालुक्यातील पुढची पिढी आता कारखान्याच्या वेतनचिठ्ठीवर हा कर भरते. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदातील वार्षिक २,५०० रुपयांची कमाल मर्यादा १९८८ च्या घटनादुरुस्तीने ठरली आणि पुढे तशीच राहिली. त्यामुळे महागाईच्या मानाने या कराचे ओझे आपोआप हलके होत गेले आहे.

वस्तू व सेवा कर

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे रद्द होऊन बहुतेक वस्तू ५ किंवा १८ टक्क्यांत आल्या. अंगाचा साबण, केसांचे तेल, टूथपेस्ट आणि बिस्किटे यांवरील कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. लोणी, तूप, सायकल आणि शिवणयंत्र १२ वरून ५ टक्क्यांवर आले. ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकली, वातानुकूलन यंत्रे आणि सिमेंट २८ वरून १८ टक्क्यांवर आले. वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्यविमा यांच्या हप्त्यांवरील कर पूर्ण उठला.

हा कर वेतनचिठ्ठीत दिसत नाही, पण तो सर्वांना लागतो. त्यामुळे प्राप्तिकराच्या कक्षेबाहेर असलेल्या कामगारापर्यंत पोहोचणारी करकपात हीच होती. कर वगळून ६०,००० रुपये किमतीची मोटारसायकल पूर्वी ७६,८०० रुपयांना पडे, ती ७०,८०० रुपयांना पडू लागली. येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घ्यावा लागतो. प्राप्तिकर कमी झाला तर मिळालेला पैसा कोठे वापरायचा, याचे स्वातंत्र्य कामगाराला असते. वस्तूवरील कर कमी झाल्याचा लाभ मात्र ती वस्तू घेतल्याशिवाय मिळत नाही. सहा हजार रुपये ‘वाचवण्यासाठी’ सत्तर हजारांची खरेदी करावी लागते, आणि ती बहुधा हप्त्यांवर होते. म्हणून अशा कपातीनंतर कुटुंबाच्या हातात शिल्लक वाढण्याऐवजी कर्ज वाढलेले दिसू शकते. २२ सप्टेंबर हा दिवस २०२५ सालच्या घटस्थापनेचा होता. सवलतीची घोषणा ऑगस्टमध्ये झाल्याने अनेकांनी मधल्या काळात खरेदी थांबवून ठेवली आणि दसरा-दिवाळीत एकदम केली.

सैद्धान्तिक पार्श्वभूमी

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ मध्ये सीमान्त उपभोग प्रवृत्तीची कल्पना मांडली. उत्पन्न एक रुपयाने वाढले असता त्यातील जितके पैसे खर्च होतात, ती ही प्रवृत्ती होय. गरीब कुटुंबाच्या अनेक गरजा अपुऱ्या राहिलेल्या असल्याने त्याच्याकडे गेलेला रुपया जवळजवळ पूर्ण खर्च होतो. सधन कुटुंबाकडे गेलेल्या रुपयातील मोठा भाग शिल्लक पडतो. १९५० च्या दशकात या विचारात दोन महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. फ्रँको मोदिग्लियानी आणि रिचर्ड ब्रुमबर्ग यांनी जीवनचक्र सिद्धान्त मांडला. त्यानुसार माणूस तारुण्यात कर्ज काढतो, मध्यमवयात साठवतो आणि म्हातारपणी साठवलेले खातो. मिल्टन फ्रीडमन यांनी १९५७ मध्ये कायम उत्पन्नाचा सिद्धान्त मांडला. माणूस या महिन्याच्या उत्पन्नाकडे न पाहता आपले दीर्घकालीन उत्पन्न किती राहील हे पाहून खर्च ठरवतो. त्यामुळे कायमची करकपात खर्च वाढवते आणि एकदाच मिळालेली सूट मुख्यतः बचतीत जाते, असे त्यांचे प्रतिपादन होते. रॉबर्ट बॅरो यांनी १९७४ मध्ये याहून टोकाचा विचार मांडला: आज कर कमी करून सरकारने कर्ज काढले तर उद्या कर वाढणारच, हे ओळखून शहाणा करदाता सगळी सवलत बाजूला ठेवील. असा करदाता पुस्तकाबाहेर क्वचितच भेटतो.

कामगाराच्या घरातील व्यवहाराशी अधिक जुळणारा विचार रिचर्ड थेलर यांचा आहे. माणूस पैशाचे मनातल्या मनात वेगवेगळे कप्पे करतो आणि प्रत्येक कप्प्याचा नियम वेगळा ठेवतो, असे त्यांनी दाखवले. या व इतर कामासाठी त्यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. महिना २०० रुपयांनी वाढलेला पगार किराण्याच्या उधारीत विरून जातो. तेच वर्षाचे २,५०० रुपये एकदम आले असते तर त्यातून मुलीच्या नावाने काही ठेवले गेले असते किंवा दिवाळीची एक साडी आली असती. मराठी घरांत गव्हाच्या डब्यात, देवघरात आणि साड्यांच्या घडीत वेगवेगळ्या कामांसाठी ठेवलेले पैसे हा याच प्रवृत्तीचा जुना दाखला आहे. प्राप्तिकरातील कपात मूळस्थानी होणाऱ्या करवसुलीतून दरमहा थोडीथोडी मिळते, तर विवरणपत्र भरल्यावर येणारा परतावा एकरकमी मिळतो. रक्कम सारखी असली तरी दोहोंचा वापर सारखा होत नाही.

अमेरिकेतील अनुभव

करकपातीचा पैसा कोठे गेला, याचे सर्वांत बारकाईचे अभ्यास अमेरिकेत झाले. २००१ मध्ये तेथील सरकारने कुटुंबांना कर-परताव्याचे धनादेश पाठवले. मॅथ्यू शॅपिरो आणि जोएल स्लेमरॉड यांच्या पाहणीत सुमारे २२ टक्के लोकांनीच ही रक्कम मुख्यतः खर्च करू असे सांगितले. जवळजवळ निम्म्यांनी ती कर्जफेडीत घालू असे सांगितले. डेव्हिड जॉन्सन, जोनाथन पार्कर आणि निकोलस सुलेलेस यांनी त्याच परताव्याचा अभ्यास लोकांच्या प्रत्यक्ष खर्चाच्या नोंदींवरून केला. त्यांना धनादेश मिळाल्याच्या तीन महिन्यांतच २० ते ४० टक्के रक्कम अल्पकाळ टिकणाऱ्या वस्तूंवर खर्च झालेली आढळली, आणि कमी उत्पन्नाच्या व शिल्लक नसलेल्या कुटुंबांत हे प्रमाण अधिक होते. लोक जे करू म्हणतात आणि जे करतात, त्यांत अंतर असते, एवढे तरी यातून दिसते.

१९७४ ची सक्तीची ठेव

कामगाराच्या हाती जादा पैसा आला तर तो काय करील, याविषयी भारत सरकारने एकदा उलट दिशेने निर्णय घेतला होता. १९७३ चे तेलसंकट आणि अन्नधान्याची टंचाई यांमुळे १९७४ मध्ये घाऊक किमतींच्या वाढीचा वार्षिक दर २० टक्क्यांच्या पुढे गेला. त्याच वर्षी मे महिन्यात देशव्यापी रेल्वे संप झाला. जुलै १९७४ मध्ये सरकारने वटहुकूम काढला आणि पुढे त्याचे ‘अतिरिक्त वेतन (सक्तीची ठेव) अधिनियम, १९७४’ या कायद्यात रूपांतर झाले. पगारात झालेली सर्व वाढ आणि वाढीव महागाई भत्त्यातील निम्मी रक्कम कामगाराच्या हाती न देता सक्तीच्या ठेवीत टाकायची आणि पुढे हप्त्यांनी व्याजासह परत करायची, अशी ही योजना होती. प्राप्तिकर भरणाऱ्यांसाठी सक्तीच्या ठेवीचा स्वतंत्र कायदाही त्याच वर्षी झाला.

या योजनेमागील गृहीत स्पष्ट होते: कामगाराच्या हाती पैसा गेला की तो खर्च होणार, आणि खर्च झाला की भाव आणखी चढणार. केन्स यांनीच १९४० मध्ये युद्धखर्च भागवण्यासाठी ब्रिटनमध्ये वेतनाचा काही भाग पुढे ढकलण्याची सूचना केली होती. भारतातील योजना त्याच घराण्यातील. कामगार संघटनांनी तिला कडाडून विरोध केला. महागाई भत्ता म्हणजे आधीच वाढलेल्या किमतींची भरपाई असते, ती ‘जादा उत्पन्न’ नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते नाकारणे अवघड आहे. २०२५ ची करकपात आणि १९७४ ची सक्तीची ठेव या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. मंदीची भीती असते तेव्हा कामगाराने खर्च करावा असे सरकारला वाटते, महागाईची भीती असते तेव्हा त्याने साठवावे असे वाटते. कामगाराच्या घरातील गरजा मात्र दोन्ही वेळी त्याच असतात.

पैसा जातो कोठे

कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाचा अभ्यास महाराष्ट्रात जुना आहे. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१–२२ मध्ये मुंबईतील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. तिचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळी कामगाराचे निम्म्याहून अधिक उत्पन्न अन्नावर जात होते. केंद्राच्या २०२३–२४ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीनुसार ग्रामीण भारतात दरडोई मासिक खर्च ४,१२२ रुपये होता आणि त्यातील ४७.०४ टक्के अन्नावर होता. शहरी भागात हे आकडे ६,९९६ रुपये आणि ३९.६८ टक्के होते. उत्पन्न वाढते तसे अन्नावरील खर्चाचे प्रमाण घटते, हा जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांचा १८५७ चा नियम येथेही लागू पडतो. म्हणून वाढीव उत्पन्नातून धान्याचे पोते वाढत नाही; दूध, अंडी, फळे, मोबाइलचे रिचार्ज, प्रवास आणि शिकवणी वाढते.

सुप्यासारख्या भागातील कुटुंबांत पहिला दावेदार बहुधा कर्ज असतो. दुचाकीचा हप्ता, सोनेतारण, पतसंस्थेचे कर्ज, लग्नासाठी घेतलेले हातउसने अशी ही यादी असते. घरगुती भाषेत कर्ज फेडणे म्हणजे खर्चच; अर्थशास्त्रात ती बचत मानली जाते, कारण त्यामुळे कुटुंबाची निव्वळ मालमत्ता वाढते. या शब्दभेदामुळे पाहण्यांतील उत्तरांचा अर्थ लावताना गोंधळ होतो. वर्षाला २४ टक्के व्याजाचे कर्ज डोक्यावर असताना सात टक्क्यांची ठेव ठेवणाऱ्यापेक्षा कर्ज फेडणारा अधिक हिशेबी ठरतो. ज्याच्यावर करकपातीपूर्वी कर्ज होते, त्याच्या बाबतीत ‘खर्च की बचत’ हा प्रश्नच अपुरा पडतो.

दुसरा दावेदार शेत. स्थानिक कामगाराचा पगार कूपनलिका, ठिबक संच, जनावरे आणि कांद्याचे बी यांत जातो. कारखान्यातील पगारावर शेती तगते आणि शेतातील धान्यावर घरखर्च हलका होतो, असे हे परस्परावलंबन आहे. यातील कोणती रक्कम खर्च आणि कोणती गुंतवणूक, हे पावसानंतरच ठरते. कूपनलिकेला पाणी लागले तर ती गुंतवणूक. कोरडी गेली तर लाखभर रुपये मातीत.

घर बांधणे, मुलांचे शिक्षण आणि सोने हे त्यानंतरचे मार्ग. घराचे काम टप्प्याटप्प्याने चालते: एका वर्षी पाया, दुसऱ्या वर्षी भिंती, पुढे कधीतरी स्लॅब. महिना तीन-चार हजारांची करकपात मिळालेल्या पर्यवेक्षकाच्या बाबतीत ती रक्कम बहुधा गृहकर्जाच्या हप्त्याचा किंवा इंग्रजी माध्यमाच्या शाळेच्या शुल्काचा एक भाग होते. वाढलेल्या मासिक उत्पन्नावर बँका मोठे कर्ज मंजूर करतात. त्यामुळे एकदा मिळालेली करकपात पुढील पंधरा-वीस वर्षांच्या हप्त्यात बांधली जाते.

बचतीचे मार्ग आणि त्यांतील धोके

जुन्या करप्रणालीत कर वाचवण्यासाठीच बचत केली जात असे. १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमातील कलम ८०सी नुसार भविष्य निर्वाह निधी, सार्वजनिक भविष्य निधी, आयुर्विमा, मुलांचे शिक्षणशुल्क, गृहकर्जाची मुद्दल अशा गोष्टींवर दीड लाख रुपयांपर्यंत वजावट मिळे. जानेवारी उजाडला की कारखान्याच्या लेखाविभागात गुंतवणुकीचे पुरावे मागितले जात आणि विमा प्रतिनिधींची लगबग सुरू होई. या घाईत अनेकांनी गरज नसलेल्या विमा पॉलिसी घेतल्या, हे खरे. पण त्याच रेट्यामुळे पुष्कळांच्या नावे म्हातारपणची पुंजीही जमली. नव्या प्रणालीत ही वजावट नाही. कर कमी झाला आणि त्याबरोबर बचतीचा रेटाही गेला. तिशीतील कामगाराच्या दृष्टीने हा बदल करदरातील बदलाहून मोठा ठरू शकतो, कारण त्याचा परिणाम तीस वर्षांनी दिसणार आहे. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीतील १२ टक्क्यांची कपात तेवढी सक्तीची राहिली आहे. १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर हिशेब करणाऱ्या आस्थापनांत ती महिना १,८०० रुपयांपुरतीच होते. २०२४–२५ साठी या निधीवर ८.२५ टक्के व्याज जाहीर झाले.

डाकघराच्या योजना लहान रकमांसाठी सोयीच्या आहेत. २०२५ मध्ये सुकन्या समृद्धी खात्यावर ८.२ टक्के, सार्वजनिक भविष्य निधीवर ७.१ टक्के आणि पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीवर ६.७ टक्के व्याज होते. व्यवसाय करातून सुटलेले दरमहा २०० रुपये आवर्ती ठेवीत टाकल्यास पाच वर्षांत १२,००० रुपये भरले जातात आणि या दराने चौदा हजारांहून थोडे अधिक परत मिळतात. रक्कम मोठी नाही. पण आजारपणात सावकाराच्या दारात जाणे टाळण्याइतकी आहे.

कारखान्यातील भिशी हा बचतीचा अनौपचारिक मार्ग आहे. दहा-वीस जण दरमहा ठरावीक रक्कम काढतात आणि चिठ्ठी निघेल त्याला एकत्रित रक्कम मिळते. भिशीला व्याज नाही आणि कायद्याचे संरक्षणही नाही. तिचा सारा आधार ओळखीवर असतो. तरीही ती टिकून आहे, कारण लहान मासिक रकमेचे एकरकमी पैशात रूपांतर करण्याची कामगाराची गरज ती भागवते. स्त्रियांमध्ये बचत गट हेच काम अधिक शिस्तीने करतात.

अहिल्यानगर जिल्हा सहकाराचा. प्रवरानगर येथे सहकारी तत्त्वावरील साखर कारखान्याचा पाया घातला गेला तो याच जिल्ह्यात, आणि गावोगावी पतसंस्थांचे जाळे आहे. बँकेपेक्षा अर्धा-एक टक्का जास्त व्याज, ओळखीचा व्यवस्थापक आणि घरी येऊन दैनंदिन ठेव गोळा करणारा प्रतिनिधी यांमुळे कामगारांचा ओढा तिकडे असतो. परंतु बँकेतील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवींना ते नाही. हा भेद अनेक ठेवीदारांना संस्था अडचणीत आल्यावरच कळतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केला, तेव्हा विम्याच्या मर्यादेतील ठेवी मिळण्याची तरतूद होती. पतसंस्था बुडाल्यास ठेवीदाराला अवसायकाच्या वसुलीची वाट पाहावी लागते. जिल्ह्यातील सामान्य माणूस सोन्याकडे आणि जमिनीकडे का वळतो, याचे उत्तर केवळ परंपरेत शोधणे पुरेसे नाही.

स्थानिक बाजारपेठेवरील परिणाम

एकाचा खर्च हे दुसऱ्याचे उत्पन्न असते, या तत्त्वावर करकपातीचा गुणक परिणाम सांगितला जातो. लहान गावात मात्र हा गुणक गळका असतो. परप्रांतीय कामगाराचा पैसा मोबाइलवरून क्षणात बिहारमधील खेड्यात पोहोचतो. मोटारसायकल आणि दूरचित्रवाणी संच दुसरीकडे तयार होतात. मोठी खरेदी अहिल्यानगर, शिरूर किंवा पुण्यात होते. सुप्यात टिकून राहतो तो खोल्यांचे भाडे, खाणावळ, किराणा, दूध आणि बांधकामाची मजुरी यांवरील खर्च. भाड्याच्या खोल्यांना मागणी वाढली की भाडे वाढते आणि कामगाराला मिळालेल्या सवलतीचा एक भाग खोलीमालकाच्या खिशात जातो. खोलीमालक बहुधा स्थानिक शेतकरी असल्याने तो पैसा तरी गावात फिरतो.

उलट दिशेने विचार केला तर सुप्याला देशभरातील करकपातीचा लाभ दुसऱ्या मार्गाने मिळू शकतो. येथे वातानुकूलन यंत्रे तयार होतात. त्यांवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने मागणी वाढली तर पाळ्या वाढतात आणि अतिकालिक काम मिळते. कारखाने अधिनियमानुसार अतिकालिक कामाला दुप्पट दराने वेतन देणे बंधनकारक होते. ज्या कंत्राटी कामगाराला प्राप्तिकराच्या सवलतीतून काहीही मिळाले नाही, त्याच्या हाती दोन जादा पाळ्यांतून त्याहून मोठी रक्कम येऊ शकते. मात्र वातानुकूलन यंत्रांचा धंदा हंगामी आहे. उन्हाळ्यापूर्वीच्या महिन्यांत भरती होते आणि पावसाळ्यात कंत्राटी हात कमी केले जातात. फ्रीडमन यांच्या भाषेत हे तात्पुरते उत्पन्न आणि म्हणून ते साठवले जावे. पण उरलेल्या आठ महिन्यांच्या उधाऱ्या त्याच चार महिन्यांत फेडायच्या असतात.

मतभेद

करकपातीऐवजी तोच पैसा थेट कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना दिला तर खर्च अधिक वाढेल, असे अनेक अर्थतज्ज्ञ मानतात. महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून ‘मुख्यमंत्री – माझी लाडकी बहीण’ योजनेत अडीच लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या पात्र स्त्रियांच्या खात्यात दरमहा १,५०० रुपये जमा होऊ लागले. व्यवसाय करातील सवलतीच्या सातपटीहून ही रक्कम अधिक आहे. महिना १८,००० रुपये मिळवणाऱ्या स्त्रीचे घर तिच्या एकटीच्या पगारावर चालत असेल तर ते अडीच लाखांच्या मर्यादेत बसते. पतीलाही कारखान्यात तेवढाच पगार असेल तर बसत नाही. अशा घरातील स्त्रीला प्राप्तिकराची सवलत लागू नाही आणि अनुदानही नाही. तिच्या वाट्याला व्यवसाय कराचे २०० रुपये आणि साबण-बिस्किटांवरील सूट एवढेच येते. दुसऱ्या बाजूस, प्राप्तिकर भरणारा पगारदार वर्ग संख्येने लहान असून त्याच्यावर दीर्घकाळ भार पडत होता आणि त्याची बचतही घटत चालली होती, असा युक्तिवाद केला जातो. रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत २०२२–२३ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ५ टक्क्यांपर्यंत खाली आली होती. ती घटण्यामागे बचत थांबणे हे कारण नसून गृहकर्जे व वाहनकर्जे वाढणे हे होते, असे अर्थमंत्रालयाचे म्हणणे होते.